वाड्याचा नकाशा आणि वाड्यातली माणसं

सुरुवात एका वाड्यापासून करू.

काही वर्षांपूर्वी आम्ही वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन वाईला गेलो होतो. या मुलांना एखाद्या जुन्या इमारतीची मोजमापं घेऊन तिचे नकाशे काढावे लागतात. सगळे त्याला ‘मेझर्ड ड्रॉइंग’च म्हणतात. एकाने टेप धरायची, दुसऱ्याने आकडा ओरडायचा, तिसऱ्याने वहीत टिपायचा. चार दिवसांत काम झालं. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, देवघर, सगळं इंचाइंचाने बरोबर. मागच्या पडवीला लागून एक लहानशी, खिडकी नसलेली खोली होती. तिचं दार परसात उघडायचं. मुलांनी तिच्यावर ‘अडगळ’ असं लिहिलं, कारण आत अडगळच होती.

निघताना घरातल्या आजींना नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, मग त्या खोलीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, “इथं आम्ही महिन्याचे तीन दिवस बसायचो. माझी दोन्ही बाळंतपणं इथलीच. अडगळ आत्ता आत्ता ठेवायला लागलो.”

मुलं गप्प झाली. मापात कुठेच चूक नव्हती. पण घराचं दार त्या भिंतीत का आहे, खोलीला खिडकी का नाही, तिच्यातून माजघरात जायला वाट का नाही, याचं उत्तर मापात नव्हतं. ते आजींकडे होतं, आणि तिला विचारायचं असतं हे आम्हीही त्यांना सांगितलं नव्हतं.

आता गंमत बघा. ‘विटाळ’ हा विषय मानवशास्त्राच्या पदवीच्या वर्गात शिकवतात, पण त्या वर्गात टेप कुणी धरत नाही. चौकातले सुरूचे खांब आणि त्यांच्यावरची केळफुलं कलेतिहासवाले शिकवतील. वास्तुकलेचा विद्यार्थी जोत्यापासून आढ्यापर्यंत मोजणार. वाडा एकच आणि वर्ग तीन. हे असं का झालं, ते आज पाहायचं आहे.

मुंबईत १८५७ या एकाच वर्षात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक मुंबई विद्यापीठ. दुसरी जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिलेली कलाशाळा, आपलं जे. जे. दोन्ही ठिकाणं पायी जाण्याच्या अंतरावर. विद्यापीठात ग्रंथ, परीक्षा, पदव्या. कलाशाळेत हाताचं काम. रुडयार्ड किपलिंग या शाळेच्या आवारात जन्मला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचे वडील तिथं काय शिकवायचे हे कुणी विचारत नाही. लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये आले ते इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावाची शिल्पं त्यांचीच. म्हणजे पहिल्यापासून या शाळेत इमारत आणि चित्र-शिल्प वेगळं नव्हतं.

त्याच वर्षी आलेले दुसरे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स. त्यांनी १८७२ पासून पुढची तेरा वर्षं विद्यार्थ्यांना हंगामा-हंगामाला अजिंठ्याला नेलं आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. आम्हांला विचाराल तर महाराष्ट्रातला कलेतिहासाचा पहिला वर्ग हाच, अंधाऱ्या लेण्यात दिव्याच्या उजेडात भरलेला. कुणी व्याख्यान देत नव्हतं, पण एका बोधिसत्त्वाच्या बोटांची वळणं उतरवायला दोन दोन आठवडे लागले की डोळा तयार होतोच. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. आणि रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं होतं, ते पुढे काळवंडलं. मोजणारे, उतरवणारे, शिकणारे लोक त्या वस्तूला धक्का न लावता कधीच येत-जात नाहीत. वाईच्या वाड्यात आम्हीही काही वेगळे नव्हतो.

वास्तुकलेचं शिक्षण इथं फार साध्या गरजेतून आलं. सरकारी आणि खासगी कचेऱ्यांना नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन हवे होते. त्यांच्यासाठी १८९६ मध्ये वर्ग निघाला आणि नंतरच्या काही वर्षांत त्याचा रीतसर अभ्यासक्रम झाला. इतिहास शिकायला पुस्तक कोणतं? पुढची कित्येक दशकं बॅनिस्टर फ्लेचर यांचं. या पुस्तकाच्या १९०१ च्या आवृत्तीपासून जगातल्या वास्तुकलेचे दोन भाग पाडलेले होते: ‘ऐतिहासिक शैली’ आणि ‘अनैतिहासिक शैली’. भारत, चीन वगैरे दुसऱ्या भागात. कल्पना करा, गिरगावातून चालत शाळेत आलेला मुलगा ग्रीक खांबांचे प्रकार पाठ करतोय, आणि ज्या वाड्यात त्याचे आजोबा राहतात त्याला इतिहासच नाही असं छापील पुस्तक सांगतंय!

यावरचा उतारा क्लॉड बॅटली यांनी शोधला. बॅटली १९१४ पासून जे. जे.त शिकवत होते आणि १९२३ पासून वीस वर्षं वास्तुकलेचे प्रमुख होते. त्यांनी विद्यार्थ्यांना देवळं, मशिदी, घरं मोजायला पाठवलं. ‘डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ हे त्यांचं नकाशांचं पुस्तक १९३४ चं. पुस्तकात ज्याला इतिहास नव्हता, त्याला टेपने इतिहास दिला असं म्हणायला हरकत नाही. आजची मुलं जी टेप धरतात, तिचं दुसरं टोक बॅटलींच्या हातात आहे. हे मोठं काम होतं. पण त्या नकाशांमध्ये माणूस नाही. खांब आहे, तुळई आहे, जाळी आहे. जाळीच्या मागे कोण बसायचं ते नाही.

आणि याच सुमाराला, थोडंसंच दक्षिणेला, विद्यापीठात काय चाललं होतं? १९१९ मध्ये तिथं समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला. प्रमुख पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, झाले नगररचनाकार. त्यांचा हट्ट असा की शहर आधी पायी हिंडून पाहायचं, घरं पाडायच्या आधी घरातल्यांना ओळखायचं, आणि पाडायचंच तर शस्त्रक्रियेइतकं जपून. इंदूरला होळकर दरबारासाठी काम करताना त्यांनी प्लेगच्या दिवसांत दिवाळीची मिरवणूक काढली. तिचा रस्ता ठरवला तो ज्या गल्ल्यांनी घरं सर्वांत जास्त स्वच्छ केली त्यांच्यातून! सण, आरोग्य, गल्ली, घर, सगळं एकाच माणसाच्या डोक्यात. बॅटली आणि गेडिस एकाच शहरात शिकवत होते, आणि एकाची मुलं दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसावीत अशी सोय नव्हती. कारण वास्तुकला विद्यापीठात नव्हतीच. ती विद्यापीठाला जोडली गेली १९५२ मध्ये. दोन्ही संस्था एकाच वर्षी जन्मल्या आणि ही भेट व्हायला पंचाण्णव वर्षं लागली.

तोवर गेडिस जाऊन जमाना झाला होता. त्यांच्या जागी १९२४ मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये आले. केंब्रिजहून मानवशास्त्र शिकून आलेले, संस्कृतात मुरलेले. विभाग जात, नाती, जमाती यांच्याकडे वळला. गल्लीचा नकाशा मागे पडला. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. टेप त्यांच्याही हातात होती, पण ती माणसांच्या शरीराची मापं घ्यायला. त्याच त्यांनी पुढे पंढरीच्या वाटेवरचा अनुभव लिहिला. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या चुली वेगळ्या, हे त्यांना बोचलं. आता सांगा, हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला कसं दिसणार? उघड्या माळावर भिंत नाही, जोतं नाही, मोजायला काहीच नाही. तरी विभागणी माजघर आणि ओसरीइतकी पक्की आहे.

बाकीचं भराभर सांगतो. बडोद्याला १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा निघाली आणि कलेतिहास हा तिथं स्वतंत्र विषय झाला. मुंबईत १९५८ मध्ये जे. जे.चीच तीन तुकड्यांत वाटणी झाली: चित्र-शिल्प एकीकडे, उपयोजित कला दुसरीकडे, वास्तुकला तिसरीकडे. आवार एक, संस्था तीन. वास्तुकलेचा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम झाला, १९७२ च्या कायद्याने नोंदणी आली, आणि इतिहास हा मुलांच्या भाषेत ‘थिअरीचा पेपर’ होऊन बसला.

याचा तोटा कागदावर दिसतो. जुने वाडे पडतायत, काहींचं जतन होतंय, काहींची हॉटेलं होतायत. जतन करणारा आर्किटेक्ट जो नकाशा हातात घेतो, त्यावर ‘अडगळ’ लिहिलं असेल तर ती भिंत तो पाडतो. तसं करणं योग्यही असेल. असल्या खोल्या जपाव्यात असं आमचं म्हणणं नाही. पण तिथं कोण बसायचं आणि का, हे माहीत नसताना पाडली, तर त्या घरातल्या बायकांचा एकुलता एक पुरावा गेला. मागच्या परसदाराचंही तेच. त्या दारापर्यंत कोण यायचं, तिथून पुढे कुणाला पाय ठेवता यायचा नाही, पाणी कोण वरून ओतायचं. नकाशात ते फक्त अडीच फुटांचं दार असतं.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच वाड्यात परत गेलो. या खेपेला मानवशास्त्राच्या दोन मुली बरोबर होत्या. त्या आजींजवळ तीन दुपारी बसल्या, आणि वास्तुकलेच्या मुलांनी नव्या नकाशावर प्रत्येक खोलीला दोन नावं दिली, एक आजचं आणि एक आजींनी सांगितलेलं. देवघराच्या उंबरठ्यापाशी एक तुटक रेघ आली. तिथं भिंत नाही, पण मुंज न झालेल्यांनी आणि सोवळ्यात नसलेल्यांनी थांबायची जागा तीच होती. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या रेघेवर पेन्सिल टेकवून विचारलं, “हे कशाचं माप आहे?” मुलीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तक्त्यातल्या चुकांमध्ये एक गुण कापला. नकाशा अजून आमच्याकडे आहे. तो आता पडद्यावर दाखवतो, मग प्रश्न घेऊ.