गॅरेज पुरुषांचं कधी झालं?

‘गॅरेज ही काही बायकांची जागा नाही,’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते मोटारीइतकंच जुनं असेल असं वाटतं. पण मोटारीच्या पहिल्याच लांब प्रवासात वाटेतली दुरुस्ती एका बाईने केली होती.

ऑगस्ट १८८८ मधली ही गोष्ट. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटार तयार केली होती, पण लोक ती विकत घ्यायला बिचकत होते. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन मिळालं औषधांच्या दुकानात, कारण पेट्रोल पंप नावाची चीज तेव्हा नव्हतीच. गॅरेजही नव्हतं.

पुढे १९०९ मध्ये इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट यांनी बायकांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिलं. इंजिनचे भाग कोणते, बिघाड कसा ओळखायचा, हे त्यात सोप्या भाषेत आहे. मागचा रस्ता दिसावा म्हणून जवळ एक हातआरसा ठेवा, असा सल्लाही त्यांनी दिला. गाड्यांना मागचं दाखवणारा आरसा सर्रास येण्याच्या आधीची ही गोष्ट.

मला सर्वात भावते ती ऑस्ट्रेलियाची अ‍ॅलिस अँडरसन. पहिल्या महायुद्धानंतर मेलबर्नच्या क्यू भागात तिने स्वतःचं गॅरेज काढलं. तिथे काम करणाऱ्या सगळ्या बायका. त्या गाड्या दुरुस्त करायच्या, भाड्याने चालवायच्या आणि इतर बायकांना गाडी शिकवायच्या. गिऱ्हाईक बाईला तिच्या गाडीत काय बिघडलंय ते समजावून सांगणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. अ‍ॅलिस १९२६ मध्ये, तिशीही न गाठता वारली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या हजारो बायकांनी लष्करी गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथ १९४५ मध्ये त्याच दलात गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकल्या. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि बहुतेक बायकांच्या हातातला पाना काढून घेतला गेला.

आपल्याकडचं कारण थोडं वेगळं आहे. आपल्याकडे मोटारीचं हुनर पुस्तकातून कमी आणि उस्ताद-शागिर्दाच्या नात्यातून जास्त पसरलं. दहा-बारा वर्षांचा पोरगा गॅरेजवर जायचा, पाने उचलून द्यायचा, शिव्या खायचा आणि पाच-सात वर्षांत मिस्त्री व्हायचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हा धंदा मुस्लिम मोहल्ल्यांनी सांभाळलाय. शाळा सुटलेल्या मुलांना त्याने भाकरी दिली, इज्जत दिली. पण या साखळीत मुलीला जागाच नव्हती. मुलाला हाताखाली घेतलं, मुलीला घेतलं नाही. दोन-तीन पिढ्यांत तीच रीत ठरली.

कारखान्यांतही तेच होतं. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असं म्हटलेलं पाहून सुधा कुलकर्णी (आताच्या सुधा मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पुण्यात मुलाखत झाली, नोकरी मिळाली. सही-शिक्क्याचं दार एका पोस्टकार्डाने उघडलं. गॅरेजचं दार उघडायला कुठे लिहायचं? तिथे तर मनाईची पाटीसुद्धा नाही.

मी रोज स्कूटीवर शाळेत जाते. एकदा गाडीचा पिकअप कमी झाला म्हणून गॅरेजवर गेले. सोबत आठवीतला भाचा होता. मिस्त्रीने सगळे प्रश्न त्यालाच विचारले. ‘आवाज कुठून येतो? ऑईल कधी बदललं?’ पोरगा माझ्याकडे बघायचा, मी उत्तर द्यायची आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. मिस्त्रीचं काम चोख होतं, पण बिल हातात घेताना वाटलं, यातलं किती खरं हे मला कळणार कसं?

ही शंका निराधार नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये पुढे आला. गॅरेजना फोन करून रेडिएटर बदलण्याचा भाव विचारला गेला. ‘मला काही अंदाज नाही,’ असं म्हणणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा जास्त भाव सांगितला गेला. तिने आधीच अपेक्षित रक्कम सांगितली की हा फरक नाहीसा व्हायचा. म्हणजे लूट होते ती माहिती नसल्याची. मापात खोट करणाऱ्यांना कुरआनने किती कठोर इशारा दिलाय, हे आपल्या मिस्त्रीभाईंना मी शिकवायला नको. न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं हीसुद्धा मापातली खोटच.

दुनिया बदलतेय. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात शांती देवींनी वर्षानुवर्षे ट्रकचे टायर खोलले. पाकिस्तानात मुलतानला उज्मा नवाज मेकॅनिक म्हणून उभी राहिली. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी २४ जून २०१८ पासून मिळाली आणि काही वर्षांतच जेद्दाहच्या गॅरेजमध्ये बायका ऑईल बदलताना दिसू लागल्या.

आपल्या गॅरेजवाल्या भावांकडे मागणं थोडकंच आहे. गाडी जिची, तिच्याशी बोला. खर्चाचा अंदाज आधी कागदावर लिहून द्या. काढलेला जुना पार्ट हातात ठेवा. बसायला एक स्वच्छ खुर्ची आणि संध्याकाळी पुरेसा उजेड असू द्या. याला भांडवल लागत नाही, आणि भरोसा बसलेली बाई अख्ख्या मोहल्ल्याच्या गाड्या तुमच्याकडे पाठवते.

आणि एक शेवटचं. तुमची मुलगी डबा घेऊन गॅरेजवर आली आणि उघड्या इंजिनकडे टक लावून बघत राहिली, तर तिला लगेच घरी पाठवू नका. आधी स्पार्क प्लग कुठला ते विचारा.