बॅरिस्टर ए. आर. अंतुले : महाराष्ट्राचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री

बेसा (नागपूर) : आमच्या भागातली एखादी विधवा बहीण संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन तहसीलमध्ये जाते, तेव्हा ही योजना कुणाच्या काळात आली हे तिला सहसा माहीत नसतं. ती १९८० साली आली आणि तेव्हा मुख्यमंत्री होते बॅ. अब्दुल रहमान अंतुले. आज त्यांचं नाव निघतं ते एकतर अभिमानाने, नाहीतर सिमेंट प्रकरणावरून. आम्ही इथे दोन्ही बाजू मांडत आहोत.

सुरुवात
अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ रोजी कोकणातल्या आंबेत गावी झाला. लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. १९६२ मध्ये ते काँग्रेसचे आमदार म्हणून विधानसभेत गेले. पुढे त्यांनी राज्यात मंत्रीपद सांभाळलं आणि १९७६ ते १९८० या काळात ते राज्यसभेत होते.

मुख्यमंत्रीपद
जून १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना मुख्यमंत्री केलं. निर्णय झटपट घेणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे अस्तित्वात आले.

सिमेंट प्रकरण
तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं, ते कोट्यानेच मिळायचं. बिल्डरांना जादा सिमेंट देऊन त्या बदल्यात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या ट्रस्टसाठी देणग्या घेतल्या, असा आरोप १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून केला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. फौजदारी खटल्याची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथले १९८४ आणि १९८८ चे निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

दिल्लीची वाट
या धक्क्यानंतरही मतदारांनी त्यांना पुन्हा उभं केलं. १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ असे चार वेळा ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. हा मतदारसंघ काही मुस्लिमबहुल नव्हता. आगरी, कोळी, कुणबी, मराठा अशा सगळ्यांच्या मतांवर ते जिंकले. २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय स्थापन झालं आणि त्याचे पहिले मंत्री अंतुलेच होते. आपल्या मुलांना मिळालेली प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती त्याच काळातली. २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या मृत्यूबाबत त्यांनी केलेल्या वक्तव्यावरून संसदेत मोठा गदारोळ झाला. २००९ मध्ये ते रायगडमधून हरले. २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर या राज्यात दुसरा मुस्लिम मुख्यमंत्री झालेला नाही. घरात मुलांना अंतुलेंबद्दल सांगाल तेव्हा सिमेंट प्रकरण लपवू नका आणि निराधारांची योजनाही विसरू नका. सगळ्या समाजांची मतं मिळवून वर जाता येतं, आणि वर गेल्यावर हिशेबही द्यावा लागतो, हे दोन्ही धडे त्यांच्या कारकिर्दीत आहेत.