रामनगरची गंगा आणि गिरिजादेवी

काशीसमोर, गंगेच्या पूर्वतीरावर, काशीनरेशांचा रामनगर किल्ला अठराव्या शतकापासून उभा आहे. या परिसरात ठुमरीला राजे-रईसांचा आश्रय होता. पण ती गणिकांची कला मानली जाई. १९२९ साली वाराणसीत जन्मलेल्या गिरिजादेवींनी बालपणीच सरजूप्रसाद मिश्रांकडे शिक्षण घेतले. तरी कुलीन स्त्रीने लोकांपुढे गावे, हे आई व आजीला रुचले नाही. खासगी बैठकीत न गाण्याचे बंधन गिरिजादेवींनी पत्करले. गाणे मात्र सोडले नाही. १९४९ मध्ये अलाहाबाद नभोवाणी केंद्रावरून त्यांचा स्वर घरोघरी पोहोचला आणि पुढे परदेशांतही गाजला. २०१६ मध्ये त्यांना पद्मविभूषण लाभले. २०१७ मध्ये त्या निवर्तल्या. बैठकीचे दार मिटले, तरी ठुमरीला त्यांनी मानाचे व्यासपीठ मिळवून दिले.