घळ त्यांची, वाटाड्या त्यांचा. पाणी मात्र कोणाचे?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पेज नावाचे लहानसे शहर आहे. शहराबाहेरच्या वाळवंटात पुराच्या पाण्याने वालुकाश्म कापत नेलेली एक अरुंद घळ आहे, अँटिलोप कॅन्यन. उन्हाळ्यात भर दुपारी वरच्या फटीतून उन्हाचा झोत थेट तळाला उतरतो. पीटर लिक या छायाचित्रकाराने इथला एक फोटो ६५ लाख डॉलरला विकल्याचा दावा २०१४ मध्ये केला होता. या घळीचे फोटो जगभर पोचले आहेत. जमीन कोणाची, हे मात्र फोटोत दिसत नाही.

आम्ही चार मित्र तिथे गेलो तेव्हा पहिल्यांदा कळले ते हे की, आपले आपण आत शिरता येत नाही. जमीन नवाहो राष्ट्राची, परवाना त्यांचा, वाटाड्याही त्यांचाच. छोटा गट करूनच आत सोडतात. आमच्यातला एक जण कुरकुरला, एवढ्याशा घळीला गाईड कशाला?

कशाला, याचे एक उत्तर १२ ऑगस्ट १९९७ या तारखेत आहे. त्या दिवशी घळीवर पाऊस जवळजवळ नव्हताच. तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला कोसळला आणि पाण्याचा लोंढा खालच्या घळीत घुसला. ११ पर्यटक मेले. नवाहो भाषेत वरच्या घळीच्या नावाचा अर्थच मुळी ‘खडकातून पाणी वाहते ती जागा’ असा आहे. म्हणजे धोक्याची सूचना नावातच होती. ते नाव पुसून तिथे हरणाचे नाव चिकटवले गेले.

दुसरे उत्तर त्याहून जुने आहे. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या फौजेने नवाहोंची शेते जाळली, मेंढ्या मारल्या, कॅन्यन द शे या दरीतली पीचची झाडे तोडली. उपाशी माणसे शरण आली, तेव्हा त्यांना सुमारे ३०० मैल पायी हाकत बोस्के रेदोंदोच्या छावणीत नेले. आठ हजारांहून अधिक लोक तिथे डांबले गेले. दोन हजारांहून अधिक मेले असे मानले जाते. काही टोळ्या नवाहो माउंटनच्या परिसरातल्या दऱ्याखोऱ्यांत लपून सुटल्या. आज ज्या प्रदेशात आपण निसर्गसौंदर्य बघायला जातो, त्याच प्रदेशातल्या घळी तेव्हा जीव वाचवण्याच्या जागा होत्या.

१ जून १८६८ ला करार झाला. सरकार त्यांना दूर आजच्या ओक्लाहोमाकडे पाठवण्याच्या विचारात होते. बार्बोन्सितो हा नवाहो नेता आपल्याच भूमीत परतण्यावर अडून बसला आणि लोक परतले. मूळ जमिनीवर परत येणे हे अमेरिकेतल्या फार थोड्या मूळनिवासी समाजांच्या वाट्याला आले. राखीव क्षेत्र पुढे टप्प्याटप्प्याने वाढले, ही घळ त्यात आली. आज ते क्षेत्र महाराष्ट्राच्या जवळपास पावपट आहे. तेव्हा आमच्या कुरकुरणाऱ्या मित्राला आम्ही एवढेच सांगितले की, हा गाईड म्हणजे पर्यटन खात्याची सोय नव्हे, त्या करारानंतर टिकून राहिलेला हक्क आहे.

आता आपल्याकडे या. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत भिक्षुसंघाला दिलेल्या दानांचे शिलालेख भिंतीवर कोरलेले आहेत, आणि नाव काय चालते? पांडवलेणी! शिलालेख समोर असूनही तोंडी चालते ते दुसऱ्याचेच नाव. नामांतरासाठी ज्यांनी घरेदारे जळताना पाहिली त्यांना नावाची किंमत वेगळी सांगायला नको. ‘नवाहो’ हे नावही बाहेरच्यांनी दिलेले. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात.

पण जमीन हाती आली म्हणजे सगळे आले असे समजू नका. दुपारी आम्ही हॉर्सशू बेंडच्या कड्यावर गेलो. सुमारे हजार फूट खाली कोलोरॅडो नदी घोड्याच्या नालासारखी वळते. नदीवर थोडे वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९५६ ते १९६६ या काळात बांधलेले. पेज शहर वसले ते या धरणासाठी, नवाहोंची जमीन अदलाबदलीत घेऊन. या नदीच्या पाण्यावर आणि विजेवर लांबची शहरे वाढली. आणि नवाहो राष्ट्रात? सुमारे एक तृतीयांश घरांत नळाचे पाणी नाही. कोरोनात ‘हात धुवा’ म्हणून सगळे जग सांगत होते, तेव्हा इथे लोक पाणी गाडीतून आणत होते.

नवाहो कोर्टात गेले. १८६८ च्या करारात राहण्यासाठी भूमी दिली, तर ती राहण्याजोगी करणारे पाणी मिळवून देणे हे सरकारचे कर्तव्य नाही का? २२ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, नाही.

वाचताना आम्हाला चवदार तळे आठवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी प्यायले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. तरी दोन्ही लढे एकच, अशी घाई आम्ही करणार नाही. महाडला प्रश्न सार्वजनिक तळ्यावर माणूस म्हणून समान हक्काचा होता. नवाहोंचा प्रश्न एका राष्ट्राने दुसऱ्याशी केलेल्या कराराचा आहे. ॲरिझोनात राखीव क्षेत्रातल्या मूळनिवासींना मताचा हक्क मिळाला तोही १९४८ मध्ये, कोर्टामार्फत. त्याच वर्षी बाबासाहेब इकडे संविधान सभेपुढे प्रौढ मताधिकाराचा मसुदा मांडत होते. लोकशाहीचे धडे कोणी कोणाला द्यायचे, हे तरुणांनी एकदा तपासून पाहावे.

संध्याकाळी परतताना राखीव क्षेत्रातल्या रस्त्यावर आमच्या पुढे एक जुनी पिकअप चालली होती. मागच्या हौद्यात दोरीने बांधलेली प्लास्टिकची पाण्याची टाकी होती. खड्डा आला की चालक गाडी जवळजवळ थांबवायचा, पाणी सांडू नये म्हणून. आम्हीही मागे हळूच चालवत राहिलो. हॉर्न कोणी वाजवला नाही.