मातीवर लाटलेली दोरी

जपानमधील जोमोन काळ इसवी सनापूर्वी सुमारे 14,000 वर्षांपासून पहिल्या सहस्रकापर्यंत चालला. या एवढ्या प्रदीर्घ काळात तिथल्या लोकांनी भांडी घडवली ती चाकाशिवाय. मातीच्या वळ्या एकीवर एक रचायच्या, सांधे बोटांनी मिटवायचे, भांडे सुकवायचे आणि उघड्या जाळात भाजायचे, अशी ती रीत होती. भांडे ओले असतानाच त्याच्या अंगावर पोत उठवला जाई. त्यासाठी लागणारी साधने घराच्या आसपासचीच होती: दोरी, काडी, शिंपला, बांबूची कांबट आणि हाताची नखे. यांतली बहुतेक साधने कुजून गेली आणि मातीवरचे त्यांचे ठसे तेवढे उरले. त्यामुळे या हत्यारांचा इतिहास अभ्यासकांना ठशावरून उलटा वाचत जावा लागला.

या वाचनाची सुरुवात 1877 साली झाली. एडवर्ड मोर्स हा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ सागरी जीवांच्या अभ्यासासाठी जपानला आला होता. योकोहामाहून तोक्योला जाताना ओमोरीजवळ लोहमार्गाच्या कडेला त्याला शिंपल्यांचा थर दिसला. तिथे उत्खनन करून त्याने 1879 साली अहवाल प्रसिद्ध केला आणि दोरीचे ठसे असलेल्या खापरांचे त्यात वर्णन केले. त्या वर्णनाच्या जपानी भाषांतरातूनच पुढे संपूर्ण काळाला जोमोन हे नाव मिळाले. ठसे नेमके कसे उमटले, हे मात्र बरीच वर्षे उलगडले नाही. विणलेले कापड किंवा चटई ओल्या मातीवर दाबली असावी, असा तर्क केला जात असे.

हे कोडे यामानौची सुगाओ या पुरातत्त्वज्ञाने 1930 च्या दशकाच्या आरंभी सोडवले. पीळ दिलेल्या दोरीचा छोटा तुकडा भांड्यावर ठेवून तळहाताने लाटला, की अगदी तसाच ठसा उठतो, हे त्याने प्रयोगाने दाखवले. कापडाच्या ठशात आडवे-उभे धागे एकमेकांना छेदतात. इथे दिसतात त्या दाण्यांच्या तिरप्या ओळी, आणि प्रत्येक दाणा म्हणजे दोरीच्या एका पेडाचा फुगवटा. दोरीला गाठ असेल तर तिची खूण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते, कारण दोरी प्रत्येक फेऱ्यात पुन्हा त्याच बाजूवर टेकते. ठसा हा दोरीची आरशातली प्रतिमा असतो. खापरावर मऊ लांबी दाबून साचा काढला, की हजारो वर्षांपूर्वीची दोरी पिळासकट पुन्हा डोळ्यांसमोर येते.

एवढे कळल्यावर खरा खजिना उघडला. पीळ डावा की उजवा, दोरी दोन पेडी की तीन पेडी, पिळलेल्या दोऱ्या पुन्हा एकमेकींत उलट्या दिशेने पिळल्या आहेत का, हे सारे खापरावरून सांगता येऊ लागले. यामानौचीने या प्रकारांची पद्धतशीर वर्गवारी केली, आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1979 साली प्रसिद्ध झाला. लाटण्याची दिशा बदलली तरी नक्षी पालटते. तीच दोरी आडवी धरून वरून खाली लाटली तर ओळी एका बाजूला कलतात आणि उभी धरून बाजूने लाटली तर दुसऱ्या बाजूला. उलट पिळाच्या दोन दोऱ्या आलटून पालटून वापरल्या की पिसासारखी दुहेरी तिरपाई तयार होते. सुमारे 6,500 वर्षांपूर्वीच्या कांतो प्रदेशातील भांड्यांवर असे गुंतागुंतीचे पीळ, गाठी आणि फासे दिसतात. दोरी वळण्यात निष्णात असलेल्या हातांनीच ती घडवली, हे उघड आहे. फुकुई प्रांतातील तोरिहामा येथे चिखलात टिकून राहिलेल्या जोमोनकालीन दोऱ्याही सापडल्या असून त्यांत अंबाडीसारख्या तंतुवनस्पतींचा वापर आहे.

शेजारच्या चीनमध्येही दोरीचे ठसे असलेली प्राचीन भांडी मिळतात. तिथे मुख्यतः दोरी लाकडी थापटण्याला गुंडाळून भांडे ठोकले जाई. अशा ठोकण्याने भिंत पातळ आणि घट्ट होते. दोरी मोकळी लाटण्याची जोमोन रीत मात्र नक्षीला जास्त वाव देणारी होती.

दोरीच्या आधी काय होते? ओमोरीच्या पुष्कळ उत्तरेला, आओमोरी प्रांतातील ओदाई यामामोतो येथील सुमारे 16,000 वर्षांपूर्वीची खापरे साधी, नक्षीविना आहेत. त्यांच्यानंतरच्या भांड्यांवर मातीच्या बारीक रेघा चिकटवलेल्या आणि नखाच्या चंद्रकोरी दाबलेल्या दिसतात. मग काडीला दोरी गुंडाळून ती लाटण्याची पद्धत आली आणि तिने भांड्यावर जवळजवळ समांतर रेघा उमटू लागल्या. योकोसुकाजवळच्या नात्सुशिमा येथील अशा भांड्यांसोबतचे नमुने 1959 साली रेडिओकार्बन पद्धतीने 9,000 वर्षांहून जुने ठरले, तेव्हा खळबळ उडाली. ठसे इतक्या अचूकपणे वाचणाऱ्या यामानौचीने ही कालगणना अखेरपर्यंत मानली नाही. त्या बाबतीत तो चुकला, पण त्यामुळे दोरीविषयीच्या त्याच्या कामाला जराही उणेपणा येत नाही.

मध्य आणि पश्चिम जपानमध्ये याच सुमारास कोरीव काडी वापरात होती. काडीवर नागमोडी रेघा, लंबगोल किंवा जाळी कोरून ती मातीवर फिरवली, की पट्टेच्या पट्टे उठत असत. दक्षिण क्यूशूत शिंपल्याचे राज्य होते. रेघा असलेल्या शिंपल्याची कडा दाबून किंवा ओढून तिथले लोक नक्षी करीत. कागोशिमा प्रांतातील उएनोहारा येथील भांडी या परंपरेतली आहेत. सुमारे 7,300 वर्षांपूर्वी किकाई ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकाने तो सारा प्रदेश राखेखाली गेला.

उभा चिरलेला बांबू हे पुढच्या काळातले अतिशय उपयुक्त हत्यार. अर्ध्या नळीची कडा मातीवर ओढली की एका ओढीत दोन समांतर रेघा उमटतात, आणि टोक दाबले की अर्धवर्तुळ मिळते. जोमोन कलेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना, म्हणजे नीगाता भागातील ज्वालांसारख्या काठाची भांडी, याच हत्याराची आणि चिकटवलेल्या मातीच्या वळ्यांची निर्मिती आहे. नागाओका येथील उमाताका स्थळी 1936 साली असे पहिले भांडे मिळाले. सासायामा येथील भांड्यांना 1999 साली राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा देण्यात आला. त्या भांड्यांवर दोरीचा ठसा जवळजवळ नसतोच. त्यांचे वैभव वादातीत आहे, पण जोमोन कारागिरीची बुद्धी पाहायची तर नजर साध्या, दोरी लाटलेल्या खापराकडेच वळवायला हवी.

सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून दोरीला घासणीची जोड मिळाली. आधी दोरी लाटायची, मग रेघांनी आकृती आखायची आणि आकृतीबाहेरचा पोत घासून गुळगुळीत करायचा. खरखरीत आणि नितळ पृष्ठभागांच्या या विरोधातूनच आओमोरीतील कामेगाओका शैलीची नाजूक भांडी घडली.

भातशेतीसोबत आलेल्या यायोई संस्कृतीत दोरी मागे पडली. अनेक दातांच्या फणीने एकदम ओढलेल्या रेघा आणि लाकडी फळीच्या कडेने घासून उठलेले ओरखडे यांनी तिची जागा घेतली. ईशान्य जपानमध्ये मात्र दोरी आणखी काही काळ टिकली. होक्काइदोत भातशेती पोहोचलीच नाही आणि तिथे दोरीची नक्षी इसवी सनाच्या पहिल्या शतकांनंतरही सुरू राहिली.

विसाव्या शतकात माशिको येथील शिमाओका तात्सुझो या कुंभाराने ही रीत पुन्हा हाती घेतली. तो तोक्योतील गोफ विणणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि कुंभार हामादा शोजी याचा शिष्य होता. ओल्या भांड्यावर दोर लाटायचा, उमटलेल्या खाचांत पांढरी माती भरायची आणि वरचा थर खरवडायचा, ही त्याची पद्धत होती. 1996 साली जपान सरकारने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा धारक, म्हणजेच जिवंत राष्ट्रीय ठेवा, म्हणून घोषित केले.