तिकिटापासून बॅजपर्यंत : ख्रिस्ती धर्मशिक्षणातील खेळाचे घटक

गुण, पदके, पातळ्या यांसारखे खेळाचे घटक खेळ नसलेल्या कामात वापरणे म्हणजे गेमिफिकेशन. हा शब्द २०१० नंतर रुळला. ख्रिस्ती धर्मशिक्षणात मात्र ही युक्ती फार जुनी आहे.

१७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे गरीब मुलांसाठी संडे स्कूल सुरू केले. पुढे अशा शाळांचा प्रसार झाला आणि एकोणिसाव्या शतकात वचने पाठ करणाऱ्या मुलांना तिकिटे देण्याची पद्धत रूढ झाली. मार्क ट्वेन यांच्या 'टॉम सॉयर' (१८७६) या कादंबरीत तिचा हिशोबच आहे. दोन वचनांना एक निळे तिकीट, दहा निळ्यांचे एक लाल, दहा लालांचे एक पिवळे आणि दहा पिवळ्यांवर बायबल बक्षीस. म्हणजे एकूण २००० वचने. टॉम ही तिकिटे मित्रांकडून वस्तूंच्या बदल्यात मिळवतो. येशूचे पहिले दोन शिष्य कोण, असे विचारल्यावर तो उत्तर देतो, दावीद आणि गल्याथ! बक्षीस मोजता येते, शिकणे मोजता येत नाही, ही अडचण ट्वेन यांनी संगणकाच्या कितीतरी आधी दाखवली. (हजेरीच्या गुणांपुरते वर्गात बसणारे विद्यार्थी आम्हा शिक्षकांना नवे नाहीत.)

डिजिटल टप्पा सुरू झाला तो अमेरिकेत. विस्डम ट्री या कंपनीने १९९१ च्या सुमारास निन्टेन्डोच्या परवान्याशिवाय 'बायबल अॅडव्हेंचर्स' आणला आणि तो मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकला. त्यांचा 'सुपर थ्रीडी नोहाज आर्क' (१९९४) अभियंत्यांना विशेष रंजक वाटेल. नाझींवर गोळ्या झाडण्याच्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' या खेळाचेच इंजिन त्यात वापरले होते. फक्त बंदुकीऐवजी गोफण आली. नोहा तारवातील प्राण्यांना खाद्य मारून झोपवतो. निन्टेन्डोची कुलूप-चिप चुकवण्यासाठी या कार्ट्रिजवर दुसरे अधिकृत कार्ट्रिज खोचावे लागे. बायबलवरचे प्रश्नही होते. बरोबर उत्तराला जादा शक्ती मिळे. पण ते मध्येच येत. प्रश्न काढून टाकले तरी खेळ तसाच चालला असता, आणि रचनेतील खरी त्रुटी हीच.

२००८ मध्ये ओक्लाहोमातील लाइफ चर्चने यूव्हर्जन हे बायबल अॅप आणले. त्यात पुढे बॅज आणि सलग दिवसांची मोजणी आली. आता मुळात बायबल हेच अॅप असल्याने मजकूर बाजूला पडत नाही. तरी मोजणी अॅप उघडल्याची होते, वाचलेले समजल्याची नव्हे. तिकिटासाठी निदान वचन म्हणून दाखवावे लागे.

२०१८ चा 'फॉलो जेसी गो' हा कॅथलिक खेळ पोकेमॉन गोच्या धर्तीवर आहे. फिरताना एखादा संत भेटतो. त्याच्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले तरच तो आपल्या संघात येतो. नोहाच्या खेळात प्रश्न वरून चिकटवलेला होता, इथे त्याच्याशिवाय खेळ पुढेच सरकत नाही.