जुन्या डिझेल पिकअपमधून धूर येतोय? काळा, पांढरा आणि निळा धूर काय सांगतो?

कांद्याच्या गोण्या भरून घाट चढणारी जुनी पिकअप आणि तिच्यामागे काळ्या धुराचा लोट, हे दृश्य महाराष्ट्रात नवं नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की कधीकधी थेट ‘इंजिन खोलावं लागेल’ असंच ऐकू येतं. पण प्रत्येक धूर इंजिन खोलायला लावणारा नसतो. काही वेळा तुंबलेला एअर फिल्टर बदलला तरी काम भागतं. उलट, साधा वाटणारा पांढरा धूर काही दिवसांत इंजिन कायमचं बसवू शकतो.

फरक ओळखायचा तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात: धुराचा रंग आणि तो नेमका कधी येतो ती वेळ.

मुळात धूर का होतो?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण 17 ते 22 पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि नोजलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. 1 किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे 14.5 किलो हवा लागते. हवा कमी पडली, उष्णता कमी पडली, फवारा बिघडला किंवा जळायला नको ते आत शिरलं, की धूर दिसू लागतो.

इथली माहिती प्रामुख्याने बीएस-4 आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करणारी वेगळी यंत्रणा असते.

काळा धूर: डिझेल जास्त, हवा कमी

जुन्या गाडीत जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काळा धूर दिसणं फार चिंतेचं नाही. तो सतत येत असेल, गाडीची ओढ कमी झाली असेल आणि अॅव्हरेज घसरलं असेल तर तपासणी या क्रमाने करावी:

- एअर फिल्टर: मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत तो लवकर तुंबतो. सर्वांत स्वस्त तपासणी हीच.
- टर्बोचे होज पाइप: फाटलेल्या किंवा सैल पाइपमधून हवा बाहेर जाते. चढावर शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज येतो.
- ईजीआर व्हॉल्व्ह: काजळीने तो उघडाच अडकला तर जळालेला वायू पुन्हा इंजिनात जातो आणि ताज्या हवेची जागा घेतो.
- नोजल: बारीक फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागले की डिझेल अर्धवट जळतं.
- डिझेल पंप: जुन्या मेकॅनिकल पंपाचा स्क्रू फिरवून, ओढ वाढावी म्हणून, डिझेल वाढवून घेतलेलं असतं. ओढ वाढते, पण इंजिन जास्त तापतं आणि पिस्टनला धोका होतो.

पांढरा धूर: वाफ की डिझेल?

थंडीच्या सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ दिसून हवेत विरून जाणारी पांढरी वाफ नेहमीची आहे. गाडी गरम झाल्यावरही धूर थांबला नाही तर लक्ष द्यावं.

डोळे चुरचुरत असतील आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. खराब हीटर प्लग, पंपाचं चुकलेलं टायमिंग, बिघडलेलं नोजल किंवा कमी झालेलं कंप्रेशन ही त्याची कारणं असतात. डिझेलमध्ये पाणी आल्यानेही असं होतं. अशा वेळी डिझेल फिल्टरखालच्या नळीतून साचलेलं पाणी काढून पाहावं.

गोडसर वास, वारंवार कमी होणारं कुलंट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि दुधाच्या चहासारखं दिसणारं इंजिन ऑइल ही हेड गॅस्केट गेल्याची किंवा हेडला तडा गेल्याची चिन्हं आहेत. यातलं काहीही दिसलं तर गाडी पुढे चालवू नये. ऑइलमध्ये पाणी गेलं की बेअरिंग खराब होतात आणि गॅस्केटच्या कामाचं पूर्ण इंजिनचं काम होतं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नये, उकळतं पाणी अंगावर उडतं.

निळा धूर: ऑइल जळतंय

इथे वेळ सर्वांत महत्त्वाची:

- सकाळी सुरू करताना एकच झोत, मग बंद: रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत झिरपलेलं असतं.
- लांब उतारानंतर अॅक्सिलरेटर दाबल्यावर: इथेही संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवरच.
- लोड असताना सतत: पिस्टन रिंग किंवा सिलिंडर झिजलेला असू शकतो. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करावं. तिथून जोरात भपकारे येत असतील तर संशय बळावतो.
- टर्बो फिरू लागल्यावर: टर्बोपासून निघणाऱ्या हवेच्या पाइपमध्ये ऑइल साचलंय का ते पाहावं.

रिंगचा निष्कर्ष काढण्याआधी ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरलं नाही ना आणि ब्रीदर तुंबला नाही ना, हे बघावं. खात्रीसाठी कंप्रेशन टेस्ट मागावी.

टर्बोचं सील फुटून बरंच ऑइल आत गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू लागतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावं. ते जमलं नाही तर इंजिनपासून लांब जावं.

पीयूसी आहे, मग काळजी कशाला?

पीयूसी केंद्रातलं स्मोक मीटर धूर किती प्रकाश अडवतो तेवढंच मोजतं. बीएस-4 पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी मर्यादा 65 एचएसयू आहे, बीएस-4 साठी 50. गाडी त्यात बसली म्हणजे हेड गॅस्केट शाबूत आहे असं नाही. धुराचा त्रास गाडीपुरता राहतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणारा घटक ठरवलं आहे.

गॅरेजमध्ये काय सांगावं?

‘गाडी धूर मारते’ एवढंच सांगणं पुरेसं नाही. रंग कोणता, थंड इंजिनवर की गरम, रिकामी असताना की लोडवर, महिन्यात किती ऑइल आणि कुलंट वर भरावं लागतं, हे आधी लिहून ठेवावं. मोबाइलवर धुराचा व्हिडिओ काढून नेला तर आणखी बरं. एवढी माहिती हातात असली की मेकॅनिकलाही फिल्टरपासून सुरुवात करता येते आणि इंजिन गरज असेल तरच खोललं जातं.